ताण किती द्यावा? धागा आणि धातू कुठे हार मानतात



आपल्यापैकी कोणी माग चालवतो, कोणी कोरे कापड घेऊन रंगवून विकतो, कोणी तांब्यापितळेची भांडी घडवतो, कोणी ग्रिल आणि गेटचे काम करतो, कोणी गॅरेजात नटबोल्ट आवळतो. धंदे वेगळे आणि माल वेगळा, पण एक गोष्ट सगळ्यांच्या हाताखालून रोज जाते. ती म्हणजे ताण. धाग्याला ताण, तारेला ताण, पत्र्याला ठोका, बोल्टला पीळ. हा ताण एका हद्दीपर्यंत माल सहन करतो आणि ताण काढला की मूळच्या मापावर येतो. हद्द ओलांडली की तो तुटतोच असे नाही. पुष्कळदा तो तुटत नाही, फक्त गुपचूप बदलतो. तुटलेला माल आपण लगेच बाजूला काढतो. गुपचूप बदललेला माल गिऱ्हाइकाकडे जातो आणि तिथून तक्रार घेऊन परत येतो. आजचा धडा या गुपचूप बदलाविषयी आहे.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. विज्ञानाच्या तासाला आमचे सर रबराचा तुकडा ताणून ‘लचक’ म्हणजे काय ते दाखवत. परीक्षेपुरते ते पाठ केले आणि सोडून दिले. त्याची खरी किंमत मला पुढे दुकानात मोजावी लागली. तिथूनच सुरुवात करतो.

तेवीस पट्ट्या

१९९६ सालची गोष्ट. मी वडिलांच्या गादीवर नुकताच बसू लागलो होतो. १५० डेनियरच्या पॉलिस्टर फिलामेंटचे साध्या विणीचे कोरे कापड आम्ही एका मागवाल्याकडून घेतले आणि गडद निळ्या रंगासाठी डाइंगला दिले. माल रंगून आला. पहिला तागा उलगडला आणि माझ्या पोटात गोळा आला. कापडात आडव्या पट्ट्या होत्या. काही ठिकाणी हातभर रुंद भाग जरा फिका आणि जास्त चकाकणारा, पुढे पुन्हा बरोबर रंग, पुढे पुन्हा पट्टी. शंभर मीटरच्या एका ताग्यात मी मोजल्या तर तेवीस पट्ट्या निघाल्या.

मी तडक रंगवाल्याकडे गेलो. ते वयाने वडिलांच्या बरोबरीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. मी म्हणालो, “चाचा, तुमच्या रंगाने आमचा सगळा माल घालवला. आता बिल मागायला येऊ नका.”

ते शांतपणे म्हणाले, “बेटा, हा सगळा माल एकाच मशीनमध्ये, एकाच पाण्यात रंगला आहे. दोष रंगाचा असता तर पट्टीच्या कडा पुसट असत्या. ही पट्टी सुरीने कापल्यासारखी सुरू होते आणि तशीच संपते. रंगाकडे पाहू नकोस, धाग्याकडे पाहा.”

मी ऐकले नाही. दोन महिने त्यांचे बिल अडवून ठेवले. बाजारात चार लोकांपुढे त्यांच्या कामाला नावेही ठेवली. ते बरोबर होते हे मला नंतर कळले. कसे, ते पुढे सांगतो. आधी मालाच्या पोटात काय घडते ते समजून घेऊ.

लवचीकपणाची हद्द

इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली एक साधा नियम मांडला. जितके ओझे, तितका ताण. ओझे दुप्पट केले तर तार दुप्पट लांबते आणि ओझे काढले तर पूर्ववत होते. घड्याळाची स्प्रिंग, स्प्रिंगचा वजनकाटा, दोन्ही याच नियमावर चालतात.

पण हा नियम एका हद्दीपर्यंतच पाळला जातो. त्या हद्दीला कारखान्यात ‘यील्ड पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला नमण्याची हद्द म्हणू. तिच्या अलीकडचा बदल उसनवारीसारखा असतो, घेतलेले परत मिळते. पलीकडचा बदल कायमचा असतो.

आकड्यात पाहू. साध्या बांधकामाच्या पोलादाची नमण्याची हद्द दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो असते. ८ मिलिमीटर जाडीच्या सळईचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर. म्हणजे ती सळई सुमारे १,२८० किलो ओझे झेलून पूर्ववत होऊ शकते. आणि त्या हद्दीवर एक मीटर सळई किती लांबते? फक्त सव्वा मिलिमीटर. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पोलादाची सळई ओझे काढल्यावरही वाकलेलीच राहिली, तर ती हद्दीच्या पुढे गेलेली असते.

साध्या पोलादाची एक खासियत आहे. हद्दीवर आले की ते क्षणभर जणू पाय सोडते. ओझे न वाढवता लांबत जाते आणि मग पुन्हा जोर धरते. काळ्या पपडीची नवी पट्टी वाकवली तर वाकलेल्या जागी तिरक्या रेघा उमटून पपडी झडते, ती या पाय सोडण्याची खूण. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांत अशी ठळक जागा नसते. ते हळूहळू नमतात. म्हणून त्यांच्यासाठी रिवाज असा की ज्या ताणानंतर ०.२ टक्के कायमची लांबी उरते, तीच हद्द मानायची.

धातूच्या पोटात

धातूचे कण रांगेत रचलेले असतात, फडताळातल्या ताग्यांच्या थप्पीसारखे. एक थर दुसऱ्यावरून सरकला की आकार बदलतो. पण शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा घोटाळा झाला. सगळा थर एकदम सरकवायला जितका जोर लागायला हवा, त्याच्या कितीतरी कमी जोरात, शेकडो पट कमी जोरात, खरा धातू नमत होता.

याचे उत्तर १९३४ साली जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी वेगवेगळे काम करून दिले. लग्नाच्या मांडवात मोठे जाजम अंथरलेले असते. ते सरळ ओढून हातभर सरकवायचे तर दहा माणसे लागतात. पण एका टोकाला सुरकुती पाडली आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेली, तर एकटा माणूस जाजम सरकवतो. धातूच्या रचनेतही अशा सुरकुत्या जन्मापासून असतात. ताण हद्दीपलीकडे गेला की त्या धावू लागतात आणि थर थोडा थोडा सरकतो.

आता तांब्याचे काम करणाऱ्यांना रोज येणारा अनुभव पाहा. मऊ पत्रा ठोकत गेले की तो कडक होत जातो आणि ठोकतच राहिले तर शेवटी चिरतो. कारण ठोकल्याने नव्या सुरकुत्या जन्मतात, त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि त्या एकमेकींत अडकतात. गर्दीच्या गल्लीत कोणालाच हलता येत नाही, तसे होते. मऊ तांब्याची नमण्याची हद्द दर चौरस मिलिमीटरला ५० ते ७० न्यूटन, तर ठोकून किंवा ओढून पुरते कडक केलेल्या तांब्याची ३०० च्या आसपास जाते. हद्द वाढली, पण पुढे लांबायची कुवत संपली. धातू मजबुती देतो ती लांबण्याची कुवत खर्च करून देतो. फुकट काही मिळत नाही.

म्हणूनच उस्ताद कारागीर मध्येच पत्रा तापवून लाल करतात. उष्णतेने अडकलेल्या सुरकुत्या विरतात, नवी स्वच्छ रचना तयार होते आणि तांबे पुन्हा मऊ पडते. तांबे लाल करून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. पोलादाचे तसे नाही. ज्यात कार्बन जास्त आहे असे पोलाद, उदाहरणार्थ छिन्नी किंवा पाना, लाल करून पाण्यात घातले तर काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नये. पितळ गरजेपेक्षा जास्त तापवले तर त्याचे दाणे मोठे होतात आणि नंतर वाकवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. कल्हई केलेल्या भांड्याचा पोचा काढण्यासाठी ते लाल करू नये, कारण कथील २३२ अंशालाच वितळते. आधी पोचा काढावा, मग कल्हई करावी.

हीच युक्ती बांधकामातही वापरली गेली. पूर्वी मिळणारी टॉर सळई आठवते का? तिला थंड अवस्थेतच पीळ दिलेला असे. त्या पिळाने पोलादाची नमण्याची हद्द ४१५ न्यूटनपर्यंत नेली जाई. पण साध्या पोलादाने तुटण्यापूर्वी किमान २३ टक्के लांबावे अशी भारतीय मानकात अपेक्षा असते, तर ४१५ च्या सळईला १४.५ टक्के पुरेसे धरले जाते. इथेही तोच सौदा आहे. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने द्यायचे.

कायमच्या बदलाची एक लपलेली बाजूही आहे. धातू वाकवला किंवा ओढला की त्याच्या पोटात ताण शिल्लक राहतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत असत. कोणी हात लावत नसे, तरी चिरत. पुढे १९२१ साली उलगडा झाला. काडतूस ओढून घडवताना पितळात ताण राहिलेला असे, आणि तबेल्याजवळच्या हवेतला अमोनिया त्या ताणलेल्या पितळाला आतून फोडत असे. उपाय साधा निघाला. घडवून झाल्यावर मंद आच देऊन पोटातला ताण काढून टाकायचा. पितळेचा माल करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पॉलिश झालेला सुंदर नग आतून तणावाखाली असू शकतो.

धाग्याच्या पोटात

आता पॉलिस्टर, नायलॉन आणि प्लास्टिककडे वळू. इथे कणांच्या सरळ रांगा नाहीत. इथे लांबच लांब साखळ्या आहेत, एकमेकींत गुंतलेल्या. पातेल्यातल्या शिजलेल्या शेवया डोळ्यांपुढे आणा. गरम असताना चमच्याने उचलल्या की एकमेकींवरून सरकतात. थंड झाल्या की गोळा होऊन बसतात. पॉलिस्टरच्या साखळ्या ७० ते ८० अंशांच्या खाली थिजलेल्या असतात आणि त्याच्या वर मोकळ्या होऊ लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरी एक प्रयोग करून पाहा. पॉलिथिनच्या साध्या पिशवीतून बोटभर रुंद पट्टी कापा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा. आधी ती थोडी ताणते. मग एका जागी एकदम बारीक होते, तिथे जणू मान पडते. आपल्याला वाटते आता इथेच तुटणार. पण तुटत नाही. ती मान दोन्ही बाजूंना पसरत जाते आणि पट्टी कितीतरी लांब होते. बारीक झालेला भाग आता लांबीच्या दिशेने ओढून पाहा, आधीपेक्षा चिवट लागेल. कारण गुंतलेल्या साखळ्या उलगडून ओढीच्या दिशेने सरळ झाल्या. हीच पट्टी झटक्याने ओढली तर मान पसरण्याआधीच फाटते.

आजचा सगळा कृत्रिम धागा या एका गोष्टीवर उभा आहे. १९३० साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी एका नव्या पॉलिस्टरच्या वितळलेल्या लगद्यातून धागा ओढला. तो थंड झाल्यावर पुन्हा ओढला तेव्हा तो कित्येक पट लांब झाला आणि आधी ठिसूळ असलेला धागा चिवट, चकचकीत बनला. ते पॉलिस्टर कमी उष्णतेवरच वितळत असल्याने कपड्याच्या कामाचे नव्हते. पण थंड ओढीचे रहस्य सापडले. त्याच वाटेने १९३५ साली नायलॉन आले, आणि १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी आज आपण विणतो ते पॉलिस्टर शोधले.

आजही गिरणीत तेच चालते. पीओवाय म्हणून जो धागा बाजारात येतो तो अर्धवट ओढलेला असतो. तो तुटण्याआधी दुपटीहून अधिक लांबू शकतो. म्हणून तो तसाच विणायला घेत नाहीत. टेक्स्चरायझिंगमध्ये त्याला तापवून साधारण दीडपट ते पावणेदोन पट ओढतात आणि पीळ देतात. एफडीवाय गिरणीतच पुरा ओढलेला असतो. पुरा ओढलेला म्हणजे त्याला आता हद्दच नाही असे मात्र नव्हे. थंडपणी त्याच्यावर जास्त ओढ आली तर त्याच्या साखळ्या आणखी सरळ होतात आणि धागा कायमचा बदलतो. व्हिस्कोस तर आणखी नाजूक. दोन टक्के लांबले की त्याची हद्द आली. ओले झाल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येते. सायझिंगमध्ये तो ओलाच असतो, तेव्हा तिथे जास्त ओढला की बिघडलाच.

धातू आणि धागा यांत तीन फरक

पहिला फरक वेळेचा. थंड पोलादावर हद्दीच्या आतले ओझे वर्षभर राहिले तरी फरक पडत नाही. प्लास्टिक आणि नायलॉनवर तेच ओझे रात्रभर राहिले तर ते हळूहळू लांबत जाते. संध्याकाळी कस लावून बांधलेली प्लास्टिकची दोरी सकाळी सैल का असते, त्याचे कारण हेच. माग रात्रभर बंद ठेवला आणि ताणा तसाच कसलेला राहिला, तर सकाळी माग सुरू करताना कापडात आडवी रेघ उमटते. तिच्या कारणांपैकी हे एक.

दुसरा फरक उष्णतेचा. चुलीच्या उकळत्या पाण्याने पोलादाच्या ताकदीत फरक पडत नाही. पॉलिस्टर मात्र त्याच पाण्यात थिजलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जाते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. वाकलेली सळई तापवली तर मऊ पडते, पण आपण होऊन सरळ होत नाही. ओढलेला पॉलिस्टर मात्र तापवला की आपला जुना आकार आठवतो. पाण्याच्या बाटलीत उकळता चहा ओतला तर ती गोळा होऊन आखडते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. बाटली फुगवताना ताणलेल्या साखळ्या उष्णता मिळताच परत गुंतू पाहतात. धातू घाव विसरतो. धागा विसरत नाही. म्हणून कापड स्टेंटरवर पकडून १८० ते २१० अंशांच्या आसपास तापवतात, म्हणजे साखळ्यांनी नव्या मापावर समाधान मानावे.

पट्ट्यांचा हिशेब

आता माझ्या तेवीस पट्ट्यांकडे येऊ. आमच्या दुकानी एक जुने जॉबर येत, सगळे त्यांना मामू म्हणत. दोन महिन्यांनी ते चहाला आले तेव्हा मी त्यांना माल दाखवला. ते काही न बोलता म्हणाले, “कोरा तागा शिल्लक आहे का?” सुदैवाने एक होता.

मामूंनी कापडाच्या वेगवेगळ्या जागांवरून बाण्याचे धागे ओढून काढले. फूटपट्टीवर सरळ धरून सगळे एका मापाचे कापले, प्रत्येकाला खुणेची गाठ मारली आणि चहाच्या पातेल्यात दहा मिनिटे उकळले. वाळल्यावर पुन्हा मोजले. बहुतेक धागे सारखेच आखडले होते. काही मात्र त्यांच्यापेक्षा बोटभर जास्त आखडले होते. मामू म्हणाले, “हे धागे कोणीतरी जास्त ओढले आहेत. पाण्याने कबूल करून घेतले.”

मग त्यांनी कागद मागवला. १५० डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन १५० ग्रॅम, म्हणजेच एका ग्रॅमला ६० मीटर. कांडीवर २० ग्रॅम धागा, म्हणजे १,२०० मीटर. कापडाच्या एका आडव्या फेरीला १.२ मीटर लागतो, म्हणजे एका कांडीत १,००० फेऱ्या. इंचाला ५० पीक धरले तर एका कांडीचे कापड २० इंच. माझी पट्टी मोजली तर तेवढीच भरली. पट्टी सुरीने कापल्यासारखी का सुरू होत होती ते उघड झाले. कांडी बदलली की पट्टी सुरू, कांडी संपली की पट्टी खलास.

पुढचा हिशेब मी स्वतः केला. २० इंच म्हणजे सुमारे अर्धा मीटर. १०० मीटरच्या ताग्यात साधारण १९७ कांड्या लागल्या. त्या मागवाल्याच्या कांडी मशीनला आठ स्पिंडल होते. आठांपैकी एक बिघडलेला असेल तर १९७ मध्ये सुमारे २५ कांड्या खराब निघायला हव्यात. मी मोजल्या होत्या तेवीस.

आम्ही दोघे मागवाल्याकडे गेलो. आठव्या स्पिंडलच्या ताणाच्या चकत्यांमध्ये तेल आणि धूळ साचून खळ झाली होती आणि स्प्रिंग घट्ट आवळलेली होती. धागा तिथून ओढला जाताना हद्दीपलीकडे जात होता. तुटत नव्हता, म्हणून कांडी भरणाऱ्या मुलाला कळत नव्हते. उलट ती कांडी जास्त कसलेली आणि देखणी दिसे. विणताना तो धागा इतर धाग्यांबरोबर गुण्यागोविंदाने बसला. रंगाच्या गरम पाण्यात मात्र तो जास्त आखडला, ताठ होऊन चकाकला, आणि साखळ्या जास्त सरळ असल्याने रंगही कमी प्याला. रंगाने दोष केला नव्हता, दोष उघड केला होता. दुरुस्तीचा खर्च विचाराल तर रॉकेलचा बोळा आणि एक स्प्रिंग.

ध्यानात ठेवण्यासारखे

१. फिलामेंटच्या वार्पिंग आणि वाइंडिंगमध्ये ताण दर डेनियरला सुमारे दशांश ग्रॅम ठेवावा. ७५ डेनियरला साडेसात ग्रॅम, १५० ला १५ ग्रॅम. ताण मोजण्याचे छोटे मीटर मिळते. एका बिघडलेल्या लॉटच्या नुकसानीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

२. एका स्पिंडलचा ताण बरोबर असून भागत नाही, सगळ्यांचा सारखा हवा. कापडात दोष दिसतो तो फरकाचा.

३. ताणाच्या चकत्या ठरलेल्या दिवशी पुसाव्यात. कांडीवर स्पिंडलच्या नंबरची खूण ठेवली तर दोष मिनिटात पकडता येतो.

४. माग बराच वेळ बंद राहणार असेल तर ताणा थोडा सैल करावा.

५. प्रत्येक लॉटचा एक कोरा तुकडा जपून ठेवावा. रंगल्यानंतर पुरावा धुऊन जातो. मतभेद झाला तर उकळत्या पाण्याची परीक्षा दोन्ही पक्षांसमोर करावी.

६. तांबे, पितळ ठोकताना हाताला कडकपणा जाणवला की थांबावे आणि तापवून घ्यावे. चीर पडल्यावर तापवून उपयोग नाही.

७. बोल्ट धरून ठेवतो तो त्याच्या लवचीक ताणाने. आवळता आवळता पाना एकदम हलका लागला, तर बोल्ट घट्ट झाला असे समजू नये. तो हद्द ओलांडून लांबला आहे. असा बोल्ट फेकून द्यावा. ज्याचे आटे ताणून विरळ दिसतात तो पुन्हा वापरू नये.

८. वाकलेली सळई सरळ करून वापरली तर ती पहिल्यासारखी नसते. तिची लांबण्याची कुवत खर्च झालेली असते. वजन पेलणाऱ्या जागी ती घालू नये.

९. प्लास्टिकच्या वस्तूवर वाकवल्या जागी पांढरा डाग दिसला तर ती तिथे हद्द ओलांडून गेली आहे. अशा कडीवर किंवा पट्ट्यावर ओझे टांगू नये.

शेवटचे दोन शब्द

मागवाल्याने नुकसानीत आपला वाटा कबूल केला. पट्ट्यांचा माल आम्ही कापून अस्तरासाठी विकला. पैशाचा हिशेब मिटला. राहिला तो रंगवाल्या चाचांचा. मी बिलाची रक्कम घेऊन त्यांच्या दारी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी पैसे मोजून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, “बेटा, बिल दोन महिने उशिरा आले त्याचे काही नाही. बाजारात बोललास ते मात्र परत घेऊन ये.”

मी त्या चार लोकांकडे पुन्हा गेलो आणि माझी चूक सांगितली. त्यानंतर बरीच वर्षे आमचे काम त्यांच्याकडे होते, पण पहिल्या वर्षी ते आमच्याशी जरा जपूनच बोलत, हे मला जाणवत असे.

तेव्हा बंधूंनो, माल परत आला की आधी धागा उकळा, कांडी मोजा, स्पिंडल पाहा. कोणाला बोल लावायचा ते त्यानंतर ठरवा.